बर्लिनची बुलेटे आणि शिळा पाव

जर्मन भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘ही भाषा शिकून पुढे काय करणार?’ आणि दुसरा, ‘ते लोक खातात तरी काय?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आमच्या विभागातील प्राध्यापक समर्थ आहेत. दुसऱ्याचे उत्तर मात्र पाठ्यपुस्तकात नीट सापडत नाही. पुस्तकातली जर्मन माणसे रेल्वे स्थानकावर वेळ विचारतात, रस्त्यात पत्ता विचारतात आणि भूक लागली की सॉसेज व बटाटे मागवतात. वस्तुतः सॉसेज ही खाटकाच्या दुकानातून विकत आणायची वस्तू. घरोघरी हाताने होणारा, आईकडून मुलांकडे वहीत न उतरवताच जाणारा पदार्थ वेगळा आहे. खिम्यात भिजवलेला शिळा पाव, कांदा आणि अंडे मिसळून, त्याचे चपटे गोळे करून ते तव्यावर खरपूस भाजायचे, एवढाच तो पदार्थ. बर्लिनमध्ये त्याला ‘बुलेटे’ म्हणतात. (मोटारसायकलशी संबंध नाही, शेवटचा ‘टे’ हलकेच उच्चारावा.)

गेल्या वर्षी एका विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून मला सहा महिने बर्लिनला राहण्याची संधी मिळाली. तिथे वाचलेल्या ग्रंथांविषयी मी आमच्या विभागाच्या चर्चासत्रात बोलले आहे. या लेखात मात्र ग्रंथालयात न शिकलेल्या एका गोष्टीविषयी लिहायचे आहे. पाककृती हा वार्षिकाचा विषय होऊ शकतो का, अशी शंका कोणी काढील. माझे म्हणणे एवढेच की या एका वडीवजा पदार्थात भाषाशास्त्र, रसायनशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र असे चार विभाग एकत्र नांदतात. आपल्या महाविद्यालयातही ते इतक्या सलोख्याने नांदत नसतील!

प्रथम भाषेकडे वळू. दर बारा कोसांवर भाषा बदलते ही आपली म्हण जर्मनीला चपखल लागू पडते. हाच पदार्थ उत्तरेत आणि पश्चिमेत ‘फ्रिकाडेले’ होतो, बर्लिन आणि भोवतालच्या ब्रांडेनबुर्ग प्रांतात ‘बुलेटे’, श्वाबेन भागात ‘फ्लाइशक्युखले’ म्हणजे मांसाचा छोटा केक, आणि बव्हेरियात ‘फ्लाइशफ्लान्त्सेर्ल’. सीमा ओलांडून ऑस्ट्रियात गेलो की तोच ‘फाशिएर्टेस लाइबखेन’, म्हणजे खिम्याचा इवलासा पाव, या नावाने पानात पडतो. आपल्याकडे घावन, आंबोळी आणि धिरडे यांत निदान पिठाचा तरी फरक असतो. इथे ऐवज एकच आणि नावे पाच.

यातले बव्हेरियाचे नाव मोठे गमतीचे आहे. ‘फ्लान्त्से’ म्हणजे वनस्पती, रोपटे. तेव्हा शब्दशः अर्थ लावला तर ‘मांसाचे रोपटे’ असा होतो आणि परकीय विद्यार्थी चक्रावून जातो. मूळ शब्द ‘फान्त्सेल्टेन’ असा होता. ‘फाने’ म्हणजे पसरट तवा आणि ‘त्सेल्टेन’ म्हणजे चपटी भाकरी, तव्यावरची भाकरी. पुढे ‘त्सेल्टेन’ हा शब्द लोकांच्या बोलण्यातून मागे पडला, उरलेल्या ध्वनीचा अर्थ लागेना, आणि जवळचा ओळखीचा शब्द म्हणून लोकांनी त्यात रोपटे आणून बसवले. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचे रूप देण्याच्या या प्रवृत्तीला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. भाषाशास्त्राच्या पेपरात उदाहरण हवे असेल त्यांनी हे खुशाल वापरावे.

‘बुलेटे’ हा शब्द फ्रेंच ‘बुलेत’ म्हणजे ‘लहान गोळा’ यावरून आलेला. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला, आणि त्याच वर्षी ब्रांडेनबुर्गच्या फ्रीडरिश विल्हेल्मने पोट्सडामचा जाहीरनामा काढून त्या निर्वासित ह्युगेनॉट लोकांना आपल्या राज्यात आश्रय दिला. हजारो फ्रेंच लोक बर्लिनला आले. बुलेटे त्यांनीच आणली असे बर्लिनकर अभिमानाने सांगतात. मांस बारीक चिरून, थापून, भाजण्याची युक्ती काही फ्रेंचांची एकट्याची नव्हे, तेव्हा पदार्थ जुना आणि नाव तेवढे पाहुणे असे समजणे बरे. ‘फ्रिकाडेले’ हे नावही बाहेरूनच आले आहे. त्याच्या मुळाशी इटालियन भाषेतला ‘तळणे’ या अर्थाचा धातू आहे. म्हणजे ज्या पदार्थाला अस्सल जर्मन म्हणायचे, त्याच्या दोन्ही प्रमुख नावांना परदेशी पारपत्र आहे. आपणही ‘पाव’ पोर्तुगीजांकडून घेतला, ‘कटलेट’ फ्रेंचांकडून इंग्रजांमार्फत घेतले आणि ‘खिमा’ हा तर मूळचा तुर्की शब्द. तेव्हा हसण्याचे कारण नाही.

आता पदार्थ. मी ज्या घरी खोली घेऊन राहत होते, त्या घराच्या मालकीणबाई १९३८ साली बर्लिनमध्येच जन्मलेल्या. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना आडनावाने हाक मारीत असे. मनात मात्र ‘आजी’ असेच म्हणे, आणि इथेही तेच म्हणते. आजींनी मला बुलेटे शिकवली ती एका अटीवर. वहीत लिहून घ्यायचे नाही, हाताने करायचे आणि प्रत्येक पायरीला ‘का’ असे विचारायचे. अशी अट आपल्या परीक्षांना असती तर निकाल काय लागले असते, याचा विचार मी सोडून देते.

साहित्य असे : खिमा अर्धा किलो, आदल्या दिवशीचा एक छोटा पाव (सुमारे ५० ग्रॅम), पाव भिजवायला कोमट दूध, मध्यम कांदा एक, अंडे एक, तयार मोहरी, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाटलेली, एक चहाचा चमचा, मीठ एक ते सव्वा चहाचा चमचा, मिरपूड, बारीक चिरलेली पार्सली, थोडे जायफळ, आणि वाळवलेला मरवा. एवढ्यात मध्यम आकाराच्या आठ बुलेटे होतात.

मरवा वाचून दचकू नये. गजऱ्यात मोगऱ्याबरोबर आपण जो सुगंधी मरवा ओवतो, तीच वनस्पती जर्मन स्वयंपाकात ‘मायोरान’ या नावाने खिम्यात, सॉसेजमध्ये आणि बटाट्याच्या सारात पडते. आपण जो वास केसांत माळतो तो हे लोक पोटात घालतात, एवढाच फरक. आजींच्या स्वयंपाकघरातली मरव्याची बरणी मिठाच्या बरणीएवढी मोठी होती. त्याचे कारण पुढे सांगते.

पहिली पायरी खिम्याची. जर्मन घरात बहुधा अर्धे गाईचे आणि अर्धे डुकराचे मांस एकत्र दळून घेतात. दुकानात ‘अर्धे-अर्धे’ एवढेच म्हटले तरी भागते. गाईच्या मांसाने चव येते, डुकराच्या चरबीने ओलावा. खिमा मात्र ताजाच हवा. अखंड मांसावर जंतू असले तरी ते पृष्ठभागावर असतात. दळताना तो पृष्ठभाग सगळीकडे मिसळला जातो आणि जंतू आतपर्यंत पोचतात. म्हणूनच जर्मनीत १९७६ साली खिम्यासाठी स्वतंत्र नियमावली करण्यात आली होती आणि कच्चा ताजा खिमा ज्या दिवशी दळला त्याच दिवशी विकला पाहिजे असे तिचे बंधन होते. २००७ साली युरोपीय नियमांनुसार नवी व्यवस्था आली आणि ती नियमावली संपली, पण आजींच्या लेखी कायदा अद्याप चालू आहे. सकाळी दळून आणलेला खिमा त्या संध्याकाळनंतर घरात राहू देत नसत.

दुसरी पायरी कांद्याची. कांदा अगदी बारीक चिरून थोड्या लोण्यावर मंद आचेवर परतायचा. तांबूस करायचा नाही, काचेसारखा पारदर्शक झाला की उतरवायचा आणि पूर्ण निवू द्यायचा. का? कच्च्या कांद्याला मीठ लागले की पाणी सुटते, गोळा सैल होतो आणि तव्यावर फुटतो. शिवाय उरलेली बुलेटे दुसऱ्या दिवशी गार खायची असते, आणि कच्च्या कांद्याची चव एका रात्रीत बिघडते. निवू का द्यायचा? गरम कांदा घातला तर त्याच्याभोवतीची चरबी वितळू लागते आणि अंडे शिजू लागते.

तिसरी पायरी पावाची, आणि सगळे मर्म इथेच आहे. बर्लिनमध्ये या छोट्या पावाला ‘श्रिप्पे’ म्हणतात. तो शिळा हवा, ताजा चालत नाही. ताज्या पावाचा दुधात चिकट लगदा होतो आणि तो खिम्यात गुठळ्यांनी राहतो. पाव शिळा होतो तेव्हा तो नुसता वाळत नाही. त्यातल्या पिष्टाची रचनाच बदलून घट्ट होते. असा पाव दूध सावकाश आणि सारखे शोषून घेतो. दहा मिनिटे भिजवून, हाताने पिळून, कुस्करून तो खिम्यात घालायचा.

पण मुळात पाव घालायचाच कशाला? मला वाटले होते की खिमा पुरावा म्हणून. तसे म्हणताच आजींनी दोन लहान बुलेटे माझ्याकडून करवून घेतल्या, एक पावाची आणि एक बिनपावाची, आणि एकाच तव्यात शेजारी शेजारी ठेवायला लावल्या. बिनपावाची बुलेटे भाजता भाजता आक्रसली, मधोमध फुगली आणि तिच्याभोवती रसाचे तळे साचले. पावाची होती तशीच पसरट राहिली. कापून पाहिल्यावर पहिली चिवट आणि दुसरी मऊ, रसाळ. कारण असे की उष्णतेने मांसातली प्रथिने आकुंचन पावतात आणि स्पंज पिळावा तसा त्यांच्यातला रस बाहेर फेकला जातो. मध्ये मध्ये दुधाने फुगलेला पाव असला तर दोन कामे होतात. प्रथिनांच्या धाग्यांना एकमेकांना घट्ट धरता येत नाही, आणि जो रस सुटतो तो पावातले पिष्ट धरून ठेवते. म्हणजे पाव ही खिम्यातली भरताड नव्हे, खिम्याचा रस राखणारा तो पहारेकरी आहे.

इथे मी थोडी घरची गोष्ट सांगते. आमच्या घरी मटणाचा खिमा महिन्यातून एकदा यायचा. पाव किलो खिमा आणि खाणारी माणसे सहा. आई त्यात भिजवलेला पाव आणि उकडलेला बटाटा घालून कटलेट करी. आम्हां भावंडांना ती फार आवडत. पण एकदा घरी आलेल्या एका नातेवाइकांनी हसत हसत म्हटले, ‘वहिनी, कटलेटात मटण शोधावं लागतं हो!’ आई हसली, पण त्यानंतर पाहुणे असले की ती कटलेट करायची थांबली. पातळ रस्सा करी आणि स्वतःच्या वाटीत नुसता रस घेई. ही गोष्ट आमच्यापैकी कोणी कधी बोलून दाखवली नाही. बर्लिनच्या त्या तव्यासमोर उभे असताना मला तीच आठवली. रात्री फोनवर मी आईला सगळा प्रयोग सांगितला. प्रथिने, पिष्ट, रसाचे तळे, सगळे. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे तिथे पाव सगळेच घालतात? श्रीमंतसुद्धा?’ मी म्हटले, ‘हो, श्रीमंतसुद्धा.’ ‘बरं,’ ती म्हणाली, आणि विषय बदलला. पण पुढच्या रविवारी मामा-मामी यायचे होते, त्यांच्यासाठी कटलेट केल्याचे तिने मला मुद्दाम कळवले.

आता कोणी म्हणेल, मग पाव कितीही घालावा काय? नाही. अर्धा किलोला एक पाव हे आजींचे प्रमाण. फार तर दीड. त्याहून जास्त झाला तर, आजींच्या शब्दांत, ‘खाटकाचे पैसे बेकरीवाल्याला द्यावे लागतील.’ उपाहारगृहात मांसाचे पैसे घेऊन पाव खायला घालणे ही लबाडीच. पण घरात आहे ते सहा जणांत नीट वाटता यावे म्हणून पाव घालणे याला लबाडी म्हणायचे कारण नाही, कारण तिथे कोणी कोणाला फसवीत नाही. एकाच कृतीला दुकानात एक नाव आणि घरात दुसरे नाव द्यावे लागते, ही नीतिशास्त्राच्या तासाला चर्चेला घेण्याजोगी बाब आहे.

चौथी पायरी मळण्याची. खिमा, पाव, कांदा, अंडे, मोहरी, मीठ आणि मसाला एकत्र करून हाताने दोनतीन मिनिटे मळायचे. मिठाने मांसातले मायोसिन नावाचे प्रथिन सुटे होते आणि मिश्रण बोटांना चिकटू लागते. ते चिकटू लागले की थांबायचे. कणकेसारखे मळत बसले तर बुलेटे रबरासारखी होते. मग पंधरा मिनिटे थंड जागी ठेवून, हात पाण्याने ओले करून आठ गोळे करायचे आणि दोन बोटे जाडीचे चपटे थापायचे. कडेला भेगा राहू द्यायच्या नाहीत.

पाचवी पायरी भाजण्याची. यासाठी आजी जे स्निग्ध वापरीत त्याचे नाव ‘बुटरश्माल्त्स’. डबा उघडला आणि मला हसूच आले, कारण ते होते आपले तूप! लोण्यात पाण्याचा अंश असतो आणि दुधातली प्रथिने असतात. ती तापली की जळून काळी पडतात. ती काढून टाकलेले लोणी जास्त उष्णता सोसते. मात्र आपण लोणी कढवताना बेरी तांबूस होऊ देतो म्हणून आपल्या तुपाला जो रवाळ खमंगपणा येतो, तो त्या डब्यातल्या तुपाला नव्हता. जाड बुडाच्या पसरट तव्यात दोन मोठे चमचे तूप तापवून मध्यम आचेवर एकेका बाजूने पाच ते सहा मिनिटे भाजायचे. एकदाच उलटायचे. दाबायचे मुळीच नाही. दाबले की राखलेला रस गेला. पृष्ठभाग तपकिरी होतो तो प्रथिने आणि शर्करा यांच्या संयोगाने. या प्रक्रियेला ती १९१२ साली मांडणाऱ्या लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आहे. मध्यभाग मात्र पुरता शिजला पाहिजे. आत ७० अंश सेल्सिअस उष्णता किमान दोन मिनिटे राहावी, असे तिथले जाणकार सांगतात. घरी तापमापक नसेल तर एक बुलेटे मोडून पाहावी. आत गुलाबी राहता कामा नये.

मरव्याच्या मोठ्या बरणीचे कारण सांगायचे राहिले. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा आजी सात वर्षांच्या होत्या. बर्लिनमध्ये तेव्हा शिधापत्रिकांचे पाच वर्ग होते. अंगमेहनत करणाऱ्याला वरचा वर्ग मिळे. नोकरी नसलेल्या गृहिणींना आणि वृद्धांना मिळे तो पाचवा, आणि त्या पत्रिकेला लोक उपहासाने ‘स्वर्गारोहणाची पत्रिका’ म्हणत, कारण तिच्यावर जगता येणार नाही हे उघड होते. त्यानंतरचा १९४६-४७चा हिवाळा इतका कडक होता की तो आजही ‘भुकेचा हिवाळा’ म्हणूनच ओळखला जातो. पुढे जून १९४८ ते मे १९४९ या काळात सोविएत नाकेबंदीने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद झाले आणि पीठ, वाळवलेले बटाटे, कोळसा असे सारे काही विमानाने आले. त्या दिवसांत आजींच्या आई बिनमांसाच्या बुलेटे करीत. शिळा पाव, बटाटा, ओटचे पोहे, असलाच तर कांदा, आणि भरपूर मरवा. सॉसेजमध्ये मरवा पडत असल्यामुळे त्याचा वास आला की जिभेला मांसाचा भास होई. ‘आम्ही डोळे मिटून खात होतो,’ आजी म्हणाल्या. ‘डोळे उघडले की तो पाव असे, मिटले की रविवार.’

पश्चिम जर्मनीतले शिधावाटप १९५० साली संपले, पूर्व जर्मनीतले १९५८ साली. आजींच्या घरात ते एका अर्थाने संपलेलेच नाही. त्यांनी पावाचा तुकडा टाकलेला मी सहा महिन्यांत पाहिला नाही. वाळलेल्या श्रिप्पे एका कापडी पिशवीत खिडकीच्या खिट्टीला टांगलेल्या असत. त्या पिशवीतल्या पावांची संख्या ठरावीक झाली की बुलेटे करण्याचा दिवस ठरे. खिमा नंतर आणायचा. म्हणजे आपण समजतो तसे खिम्याला जोड म्हणून पाव येत नाही, पावाला मार्गी लावण्यासाठी खिमा येतो.

राजकारण ताटात कसे उतरते याचे आणखी एक उदाहरण याच कुटुंबातले आहे. खिम्याचे गोळे भाजण्याऐवजी पाण्यात उकडून, केपरच्या आंबटसर कळ्या घातलेल्या पांढऱ्या रश्शात सोडले की त्यांना ‘क्योनिग्सबेर्गर क्लोप्से’ म्हणतात. युद्धानंतर क्योनिग्सबेर्ग हे शहर सोविएत संघाकडे गेले आणि १९४६ साली त्याचे नाव कालिनिनग्राड झाले. पूर्व जर्मनीत जुने नाव उच्चारणे अडचणीचे, म्हणून तिथल्या भोजनपत्रिकांत तेच गोळे ‘कोखक्लोप्से’ म्हणजे ‘उकडलेले गोळे’ या निरुपद्रवी नावाने मिळू लागले. शहर गेले, नाव गेले, गोळे मात्र राहिले.

आमच्या मजल्यावर माझ्याच वर्गातली एक मुलगी राहत असे. तिचे आजोबा तुर्कस्तानातून कामगार म्हणून आलेले. पश्चिम जर्मनीने ऑक्टोबर १९६१मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला, त्यानंतरच्या काळातले. तिला डुकराचे मांस वर्ज्य, मला गाईचे नको, आणि आजींची बुलेटे तर ‘अर्धे-अर्धे’! एका रविवारी आजींनी दोघींनाही जेवायला बोलावले आणि खिमा आणला तो मेंढ्याचा. चरबी कमी पडेल म्हणून त्यात दोन चमचे ‘क्वार्क’ घातले. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्का. माझी मैत्रीण पाव भिजवताना पाहून म्हणाली, ‘माझी आजीही हेच करते.’ आणि खरेच, तुर्की लोकांच्या घरगुती ‘कोफ्ते’मध्येही शिळा पाव भिजवून घालतात. तिच्या मते त्यात जिरे हवे, आजींच्या मते मरवा, माझ्या मते हिरवी मिरची. बराच वाद झाला. शेवटी तीन वाट्यांत तीन प्रकार झाले. मरव्याच्या सर्वांत आधी संपल्या, हे सत्याला स्मरून सांगितले पाहिजे. ‘कोफ्ता’ या शब्दाच्या मुळाशी ‘कुटणे’ या अर्थाचा फारसी धातू आहे. तो तुर्कस्तानामार्गे बर्लिनला गेला आणि दुसऱ्या वाटेने आपल्याकडेही आला; त्या जेवणात दोन्ही वाटा एका टेबलाशी भेटल्या.

शाकाहारी मित्रांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. दक्षिण जर्मनीत ‘ग्र्युनकेर्न’ नावाचे धान्य मिळते. स्पेल्ट हा गव्हाचा एक जुना प्रकार. त्याची कणसे हिरवी असतानाच कापून धुरावर भाजून वाळवतात. पावसाने पीक हातचे जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांनी काढलेली ही तोड. चव घेतली आणि मला शेतावरचा हुरडा आठवला. ग्र्युनकेर्नचा रवा भाजीच्या पाण्यात शिजवून, निववून, त्यात कांदा, अंडे, पावाचा चुरा आणि मरवा घालून त्याच पद्धतीने थापून भाजतात. मांस नसले तरी मांसाची नक्कल म्हणून नव्हे, स्वतःच्या बळावर तो पदार्थ उभा राहतो.

खाण्याची रीत अशी. घरी गरम बुलेटेबरोबर बटाट्याचे सॅलड. उत्तरेत ते मेयोनेज घालून करतात, दक्षिणेत गरम सार आणि व्हिनेगर घालून, आणि या मुद्द्यावर दोन्हीकडचे लोक एकमेकांना माफ करीत नाहीत. बर्लिनच्या जुन्या मद्यगृहांत गल्ल्यावर काचेचे उभे कपाट असे. त्यात गार बुलेटे, मिठाच्या पाण्यात मुरवलेली अंडी आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले मासे मांडलेले. या कपाटाला ‘भुकेचा मनोरा’ असे नाव होते. गार बुलेटे पावात घालून, मोहरी लावून खाणे हा प्रवासाचा डबा. पावात घातलेला पावाचाच पदार्थ, असे म्हणून कोणी हसेल. वडापाव खाणाऱ्याने तरी हसू नये.

आपल्याकडे करायची असेल तर थोडे बदल करावे लागतात. महाराष्ट्रात गाईबैलांचे मांस कायद्याने वर्ज्य आहे, तेव्हा मटणाचा खिमा उत्तम. तो बारीक, दोनदा दळून घ्यावा. कोंबडीचा खिमा घेतल्यास चरबी कमी असते, म्हणून चमचाभर तूप किंवा चक्का मिसळावा. पाव लादीचा चालतो, पण तो फार मऊ असतो. सुटा करून एक दिवस उघड्यावर, जाळीखाली ठेवावा आणि दूध निम्मेच घ्यावे. आपल्या उन्हाळ्यात मिश्रण मळल्याबरोबर शीतकपाटात ठेवणे आवश्यक आहे. पार्सलीऐवजी कोथिंबीर घातली तर चव बदलते, पण वाईट लागत नाही. मरवा फुलवाल्याकडे मिळतो. मात्र त्यावर औषध फवारलेले असण्याची शक्यता असते, म्हणून खाण्यासाठी कुंडीत लावलेला घ्यावा. छाटणीची काडी ओल्या मातीत खोचली की तो सहज लागतो. पाने सावलीत वाळवून चुरून बरणीत भरावीत.

आणि वसतिगृहातल्या मित्रमैत्रिणींसाठी शेवटची सूचना. खिमा पाव किलोच परवडत असेल तर पाव अर्धाच घ्या, अंड्याचा फक्त बलक घाला, आणि चारच बुलेटे करा. खाणारी माणसे सहा असतील तर शेजारी उकडलेले बटाटे वाढवा. मात्र पाव घातला आहे हे कोणी विचारले, तर मान खाली न घालता सांगा. कारण विचारले तर तेही आता तुम्हांला ठाऊक आहे.